बिनतारी उपकरणांची परदेशी मान्यता : पूर्वनियोजन

रेडिओलहरी सोडणारे कोणतेही उपकरण, मग ते वायफाय राउटर असो, ब्लूटूथ हेडफोन असो की पाण्याचे स्मार्ट मीटर, एखाद्या देशात विकण्याआधी तिथल्या नियमांप्रमाणे त्याची तपासणी व मान्यता व्हावी लागते. ही मान्यता मिळण्याजोगे उपकरण बनावे म्हणून आराखडा कागदावर असतानाच जी तयारी करतात, तिला पूर्वनियोजन म्हणता येईल. उद्योगात ‘सर्टिफिकेशन’ हा शब्द रुळला आहे. देशानुसार ‘ईटीए’ (भारत), ‘एफसीसी’ (अमेरिका), ‘सीई’ (युरोप) अशी आद्याक्षरेच बोलण्यात येतात. उत्पादन तयार झाल्यावर कागदपत्रे एजंटाकडे सोपवली की काम झाले, असा एक समज आहे आणि तो महागात पडतो. मान्यतेचा बराचसा निकाल लहरींचा पट्टा (फ्रिक्वेन्सी बँड), अँटेना आणि रेडिओचे मॉड्यूल (तयार मिळणारा रेडिओभाग) निवडले त्या दिवशीच लागलेला असतो.

लहरींच्या वापराबद्दल देशादेशांतला पहिला व्यापक करार १९०६ साली बर्लिनमध्ये झाला. आता हे काम जिनिव्हाचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ पाहतो. संघाने जगाचे तीन विभाग पाडले आहेत : ढोबळमानाने युरोप-आफ्रिका पहिला, अमेरिका खंड दुसरा, आणि भारतासह आशियाचा बराच भाग व ओशनिया तिसरा. विभागांची चौकट संघाची, पण आपल्या हद्दीत कोणता पट्टा कोणाला आणि किती शक्तीने वापरू द्यायचा हे प्रत्येक देश ठरवतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास सर्वत्र विनापरवाना मोकळा आहे, म्हणूनच वायफाय आणि ब्लूटूथ तिथे राहायला आले. तरी तिथेही युरोपात अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती १०० मिलिवॅटपर्यंत, तर भारतात ४ वॅटपर्यंत चालते. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत आयपॅड विक्रीला आला आणि काही दिवसांतच इस्रायलच्या सीमाशुल्क खात्याने प्रवाशांनी आणलेले आयपॅड विमानतळावर काढून घेतले. त्याचे वायफाय अमेरिकी मर्यादेनुसार आहे आणि इस्रायल युरोपीय मर्यादा पाळतो, असे कारण दिले गेले. बंदी त्याच महिन्यात उठली, पण नव्या वस्तूच्या पहिल्या बातम्या जप्तीच्या झाल्या.

गिगाहर्ट्झच्या खाली उतरले की मामला अधिक किचकट होतो. समजा, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने लोरा या, कमी विजेत दूरवर लहान संदेश पाठवणाऱ्या, तंत्रावर चालणारे पाण्याचे मीटर केले. भारतात त्याला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून मोकळा आहे. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. युरोपात हेच मीटर ८६८ च्या आसपास बोलेल, म्हणजे अगदी शेजारी. अमेरिकेत मात्र ८६५ वर परवाना लागणाऱ्या इतर रेडिओसेवा आहेत. तिथे मोकळा पट्टा ९०२ ते ९२८ चा. तेच अमेरिकी मीटर उलट भारतात आणले, तर पट्ट्याचा खालचा निम्मा भाग मोबाइल फोन टॉवरशी ज्या लहरींवर बोलतात त्यांत घुसतो. तेव्हा ‘एकच मीटर जगभर’ हे वाक्य माहितीपत्रकात शोभते, सर्किट बोर्डावर नाही. ८६६ ला जुळवलेली लहान अँटेना ९१५ वर नीट चालत नाही. दोन्ही हवे असतील तर तिची जुळवणी बदलण्याची सोय बोर्डावर आधीच ठेवावी लागते.

सॉफ्टवेअरही सुटत नाही. युरोपातल्या ८६८ ते ८६८.६ या उपपट्ट्यात उपकरणाने एकूण वेळेच्या एक टक्काच बोलायचे, म्हणजे तासाला ३६ सेकंद. अमेरिकेत नेहमीच्या अरुंद लोरा वाहिनीला (चॅनेलला) एकाच ठिकाणी बसता येत नाही, ५० किंवा अधिक वाहिन्यांवर उड्या मारत राहावे लागते आणि एका वाहिनीवर सलग ४०० मिलिसेकंदांच्या पुढे थांबता येत नाही. त्यामुळे दूरवर पोहोचणारे पण संथ संदेश, जे भारतात बिनदिक्कत जातात, ते तिथे बादच होतात. जपानच्या ९२० मेगाहर्ट्झ पट्ट्यात बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का, हे कान देऊन ऐकावे लागते. संदेश किती लांब, किती वेळा आणि बॅटरी किती वर्षे, हे हिशेब या तीन नियमांवर उभे असतात. भारतापुरते केलेले गणित नंतर ताणून जगाला बसवता येत नाही.

चाचणी होते ती प्रतिध्वनिरहित कक्षात. भिंतींवर आणि छताला लहरी शोषणारे फोमचे टोकदार शंकू, मध्ये फिरता मंच, त्यावर अधातूचे ८० सेंटिमीटर उंच टेबल (१ गिगाहर्ट्झच्या वरच्या मोजणीला दीड मीटर), आणि टेबलावर आपले उपकरण एकटेच. तीन मीटरवरची मोजणारी अँटेना एक ते चार मीटर उंचीपर्यंत वरखाली सरकते, मंच गोल फिरतो, आणि बाहेरच्या पडद्यावर आलेख उमटत जातो. ९१५ वर मोठा सुळका दिसणारच. खरी धास्ती त्याच्या पटींची असते : १८३०, २७४५. यातला २७४५ हा अमेरिकेने राखून ठेवलेल्या २६९० ते २९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि तिथे तीन मीटरवर ५०० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर एवढीच मुभा आहे. सुळका रेषेच्या वर गेला की उपकरण नापास. उपाय बहुधा क्षुल्लक असतो, अँटेनाच्या वाटेवर दोन-तीन कपॅसिटर-इंडक्टरची गाळणी. पण बोर्डावर त्यांना जागाच सोडली नसेल तर बोर्ड नव्याने काढा, छापा, जोडा, पुन्हा कक्षाची तारीख मागा. याहून साधी चूक म्हणजे उपकरण सलग लहरी सोडत राहील असे चाचणीपुरते सॉफ्टवेअर सोबत न नेणे. तासावर भाडे चालू असलेल्या कक्षात अभियंता लॅपटॉप उघडून कोड लिहीत बसला आहे, हे दृश्य अपूर्वाईचे नाही.

यातून वाट काढायला लहान कंपन्या आधीच मान्यता मिळालेले मॉड्यूल घेतात, आणि ते शहाणपणाचेच आहे. मात्र अमेरिकेत ही मान्यता ज्या अँटेनांसह मिळाली त्यांच्याशी बांधलेली असते. वेगळ्या प्रकारची किंवा अधिक प्रभावी अँटेना लावली की नव्याने मान्यता मागावी लागते. शिवाय मॉड्यूल सोडून उरलेल्या सर्किटातून जो गोंगाट बाहेर पडतो त्याची जबाबदारी उत्पादकाचीच. युरोपात तर पूर्ण वस्तू नियमांत बसते ही घोषणा शेवटच्या उत्पादकाने स्वतःच्या सहीने करायची असते. युरोपीय संघाचा २०१४/५३ क्रमांकाचा रेडिओ उपकरण निर्देश (डायरेक्टिव्ह) त्याला आधार आहे. त्याच निर्देशाखाली १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी लागू झाल्या आहेत. वापरणाऱ्याला पासवर्ड न ठेवण्याची मोकळीक दिली, तर ठरलेल्या मानकाच्या जोरावर आपणच घोषणा करण्याची वाट बंद होऊन बाहेरच्या अधिकृत संस्थेकडे जावे लागू शकते. थोडक्यात, अँटेना सांभाळणाऱ्याइतकाच ॲपचा पडदा आखणाराही आता मान्यतेच्या कामात ओढला गेला आहे.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. हात हलवून फोन चालवता यावा म्हणून गूगलने ‘सोली’ हा छोटा रडार केला, ५७ ते ६४ गिगाहर्ट्झवर चालणारा. अमेरिकी मर्यादेत त्याची शक्ती अपुरी पडत होती, म्हणून कंपनीने खास सवलत मागितली आणि ३१ डिसेंबर २०१८ रोजी ती मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा रडार घेऊन पिक्सेल ४ आला, तो भारतात मात्र आलाच नाही. कंपनीने बाजारातील कल आणि फोनची वैशिष्ट्ये अशी मोघम कारणे दिली. परंतु तो पट्टा भारतात तेव्हा अशा वापराला विनापरवाना मोकळा नव्हता, आणि वृत्तपत्रांनी बोट तिकडेच दाखवले. रडार नसलेला पिक्सेल ४ए पुढच्या वर्षी भारतात विकला गेला. जपानमध्ये फोन विकला गेला, पण रडार काही महिने बंद ठेवून. या दुसऱ्या तऱ्हेतच नियोजन दिसते : जे वैशिष्ट्य अडेल ते देशानुसार बंद करता आले, तर फोन तरी दुकानात पोहोचतो.

वेळेसोबत गुप्ततेचाही प्रश्न येतो, कारण एफसीसी या अमेरिकी नियामक संस्थेकडची कागदपत्रे जनतेला पाहायला मिळतात. आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झाला आणि २९ जूनला विक्रीला आला. ही बातमी एफसीसीने फोडण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, अशा अर्थाचे स्टीव्ह जॉब्स त्या मंचावरूनच बोलले होते.

अमेरिका आणि युरोपचे चाचणी अहवाल पुष्कळ देशांत चालतात, म्हणून सुरुवात तिथून करतात. चीनसारखे काही देश मात्र स्वतःच्या भूमीवरच्या प्रयोगशाळेचा आग्रह धरतात. तिथे नमुने पाठवायचे, ते सीमाशुल्कातून सोडवायचे, हे वेगळे काम होते. अनेक देशांत स्थानिक प्रतिनिधी लागतो, आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावावर निघाले याकडे पहिल्या घाईत कोणी बघत नाही. ते वितरकाच्या नावावर असले आणि पुढे वितरकाशी बिनसले, तर माल आपला आणि मान्यता त्याची, अशी स्थिती होते.

भारतात बिनतारी उपकरणांचा कारभार १९५२ पासून दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखा पाहते; विनापरवाना पट्ट्यातल्या बऱ्याच उपकरणांचे ईटीए (उपकरण-प्रकार मान्यता) ‘सरल संचार’ संकेतस्थळावर स्वयंघोषणेने निघते. ते सोपे झाले म्हणून गाफील राहता येत नाही, कारण दूरसंचार उपकरणांना टीईसी या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे एमटीसीटीई हे सक्तीचे प्रमाणपत्र आणि ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी वेगळी लागते. महाराष्ट्रात अंधेरीची ईआरटीएल (पश्चिम) आणि पुण्याची एआरएआय या चाचणी संस्थांकडे विद्युत्-चुंबकीय चाचण्यांची सोय आहे. मुख्य चाचणीआधी अशा ठिकाणी अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम केली, तर २७४५ चा सुळका वेष्टनाचा साचा पाडण्याआधीच दिसतो. साच्याचा मुद्दा लेबलामुळेही येतो : एफसीसी क्रमांक, जपानचे गितेकी चिन्ह, सीई, बीआयएसचा नोंदणी क्रमांक हे सगळे कुठेतरी बसवायचे असते. पडदा असलेल्या उपकरणाला अमेरिकेत २०१४ च्या कायद्यापासून ते पडद्यावर दाखवण्याची मुभा आहे; बिनपडद्याच्या मीटरला ती नाही, आणि त्याच्या पाठीवर तळहाताएवढीही जागा नसते.