लिनक्स डेस्कटॉपवरील कळफलक व पडद्याचे दोषनिवारण

उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स कर्नल या गाभ्यावर चालणाऱ्या मुक्त-स्रोत प्रणालींत कळ दाबल्यावर भलतेच अक्षर उमटणे, लेआउट (कोणत्या कळेवर कोणते अक्षर, ही मांडणी) न बदलणे, पडद्याचे रेझोल्यूशन कमी राहणे, दुसरा मॉनिटर न ओळखला जाणे किंवा अक्षरे धूसर दिसणे अशा तक्रारींचे मूळ शोधून ते दूर करण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे. या प्रणालींत एकाच सेटिंगची नोंद तीन-चार ठिकाणी असू शकते आणि प्रत्येक ठिकाणचा कारभार निराळ्या प्रोग्रॅमकडे असतो. त्यामुळे बदल अचूक करूनही पुष्कळदा काहीच फरक पडत नाही, कारण ज्या थरात तो केला तो थर त्या सत्रात (लॉगइनपासून लॉगआउटपर्यंतच्या वापरात) वापरला जात नसतो. दोष नेमक्या कोणत्या थरात आहे हे आधी ठरवल्याखेरीज आज्ञा देत सुटण्याने गुंता वाढतो.

एक्स व वेलंड : पडद्यावर खिडक्या काढणे आणि कळफलक-माऊसकडून आलेल्या सूचना योग्य खिडकीकडे पोचवणे हे काम दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टिम करीत असे. तिची सुरुवात 1984 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाली आणि तिची अकरावी आवृत्ती 1987 मध्ये आली. एक्स-11 हे नाव त्यावरूनच रूढ आहे. तिची जागा घेण्यासाठी क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी 2008 मध्ये वेलंड या नव्या प्रोटोकॉलचे काम सुरू केले. फेडोराने 2016 मध्ये 25 व्या आवृत्तीपासून नोम (खिडक्या व मेनू दाखवणारे वातावरण) या डेस्कटॉपसाठी वेलंड हा आपोआप लागू होणारा मूळ पर्याय केला. उबुंटूने 17.10 मध्ये तेच केले, 18.04 मध्ये माघार घेतली आणि 21.04 मध्ये पुन्हा वेलंड स्वीकारले. 2025 मधील नोम 49 मध्ये तर एक्स-11 सत्र मूळ जुळणीतूनच बंद ठेवले आहे. हा इतिहास दोषनिवारणात थेट आड येतो, कारण इंटरनेटवर सापडणारे बहुसंख्य उपाय एक्सच्या काळातले आहेत आणि वेलंडखाली ते एकतर चालत नाहीत किंवा, त्याहून त्रासदायक म्हणजे, अर्धवट चालतात. म्हणून सत्र कोणत्या प्रकारचे आहे हे सर्वप्रथम पाहावे. नोममध्ये ही माहिती सेटिंगमधील प्रणालीच्या तपशिलात ‘विंडोइंग सिस्टिम’ या ओळीत मिळते.

कळफलक : कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत चार टप्पे असतात. कळफलकाकडून आलेल्या संकेताला कर्नल एक क्रमांक देतो, एक्स किंवा वेलंडचा कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम) तो क्रमांक घेतो, एक्सकेबी ही व्यवस्था लेआउटप्रमाणे त्याचे चिन्ह ठरवते आणि शेवटी आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांसारखी इनपुट पद्धत हवी असल्यास त्या चिन्हाचे दुसरे अक्षर करते. ‘ए’ ही कळ कर्नलच्या लेखी 30 असते. एक्स प्रत्येक क्रमांकात 8 मिळवत असल्याने तिथे ती 38 दिसते. कर्नलच्या पातळीवर पाहण्यासाठी ‘इव्हटेस्ट’, एक्समध्ये ‘एक्सइव्ह’ आणि वेलंडमध्ये ‘डब्ल्यूइव्ह’ ही छोटी साधने आहेत. इव्हटेस्टमध्ये 30 येत असूनही पडद्यावर ‘ए’ येत नसेल, तर कळफलक निर्दोष असून गोंधळ लेआउटमध्ये किंवा त्याच्या वर आहे. इव्हटेस्टमध्ये काहीच येत नसेल, तर केबल, यूएसबी पोर्ट किंवा खुद्द कळ तपासावी. सेटिंगमध्ये शोधून हाती काही लागणार नाही. काही लॅपटॉपवरील खास कळा इव्हटेस्टमध्ये दिसतात, पण एक्समध्ये त्यांचा मागमूस नसतो. एक्सचे क्रमांक 255 ला संपतात आणि त्यापलीकडच्या कळा प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाहीत.

एक्सकेबीला मुख्यतः चार गोष्टी सांगाव्या लागतात : कळफलकाचे मॉडेल, लेआउट, त्याचा उपप्रकार आणि जादा पर्याय. डेबियन व उबुंटूमध्ये या चारही गोष्टी ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये ‘कीबोर्ड’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. मात्र नोम डेस्कटॉप वापरकर्त्याने निवडलेली लेआउटची यादी स्वतःच्या कोठारात वेगळी ठेवतो आणि सत्र सुरू होताच तीच लागू करतो. त्यामुळे फाइल बदलून संगणक पुन्हा सुरू केला, तरी डेस्कटॉपवर जुनेच लेआउट दिसते आणि फाइल वाचलीच गेली नाही असा समज होतो. ती वाचलेली असते. तिचा परिणाम खिडक्यांविना चालणाऱ्या आभासी कन्सोलवर दिसतो. ‘सेटएक्सकेबीमॅप’ या आज्ञेची गत निराळी आहे. एक्समध्ये ती तत्काळ लागू होते, पण लॉगआउट केल्यावर टिकत नाही. वेलंडमध्ये तिची पोच एक्सवेलंड (वेलंडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणारा थर) याखाली चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमपुरतीच असते.

भारतात नेहमी दिसणारा दोष ब्रिटिश लेआउटचा आहे. येथे विकले जाणारे कळफलक बहुतांशी अमेरिकी मांडणीचे असतात, पण प्रणाली बसवताना इंग्रजीचा ब्रिटिश पर्याय निवडला गेला की ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते व शिफ्टसह 3 दाबल्यावर पौंडाचे चिन्ह येते. एवढ्या लक्षणांवरून निदान पक्के समजावे. रुपयाचे चिन्ह हवे असणाऱ्यांसाठी ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ असे स्वतंत्र लेआउट आहे. त्यात उजवी ऑल्ट कळ दाबून 4 दाबले की ₹ उमटते.

मराठीसाठी दोन वेगळे मार्ग आहेत आणि ते एकत्र वापरले की घोळ होतो. पहिला मार्ग एक्सकेबीचा : भारतीय लेआउटखाली मराठीचा वाढीव इनस्क्रिप्ट (इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कळ-मांडणी) आणि उच्चारानुसारी असे उपप्रकार मिळतात. दुसरा आयबसचा : एम17एन या संचातील मराठी इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट-2, आयट्रान्स व फोनेटिक (शेवटच्या दोन रोमन अक्षरांतून लिहिण्याच्या) या पद्धती. आयबसची पद्धत आपल्याखाली अमेरिकी लेआउट आहे असे गृहीत धरते. म्हणून खाली एक्सकेबीचे देवनागरी आणि वर आयबसचे देवनागरी असा दुहेरी साज चढला, तर अक्षरे उमटण्यात ताळमेळ राहत नाही. दोहोंपैकी एकच ठेवणे हा यावरचा उपाय आहे. ज्याला इनस्क्रिप्टची सवय आहे त्याने एक्सकेबी निवडावे, कारण मध्ये एक प्रोग्रॅम कमी राहतो; रोमन अक्षरांतून टंकलेखन करणाऱ्याला आयबसवाचून सोय नाही.

काही तक्रारी दोषाच्या नसतातच. ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ उमटते ही त्यांतली नेहमीची. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’ या कळेवर र आणि शिफ्टसह ऱ आहे, ‘डी’वर हलन्त आणि तिरकस रेघेच्या कळेवर य आहे. साधा र घेऊन पुढे हलन्त व य दाबल्यास रफारच येणार. वाऱ्यातला किंवा दऱ्यांतला र काढण्यासाठी शिफ्ट-जेने सुरुवात करावी लागते. याउलट ‘ॲ’ न मिळणे ही जुन्या इनस्क्रिप्टची खरी उणीव आहे. त्यात शिफ्टसह 1 वर हिंदीच्या सवयीचा ऍ होता, तर मराठीचा ॲ युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 आवृत्तीत आला.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, तेव्हा लॉगइनच्या पडद्यावर कोपऱ्यात कोणत्या लेआउटचे नाव आहे ते पाहावे. मराठी लेआउट यादीत पहिले असल्यास टिंबांच्या आड देवनागरी अक्षरे पडत असतात. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास प्रकरण अधिक अवघड होते, कारण त्या वेळी डेस्कटॉप सुरूच झालेला नसतो आणि सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल-संचात जे लेआउट गोठवलेले असेल तेच चालते. लेआउट बदलल्यानंतर हा संच नव्याने तयार करावा लागतो. पासफ्रेजमध्ये लेआउटनुसार जागा बदलणारी चिन्हे मुळातच टाळणे अधिक शहाणपणाचे. कळा अडखळत चालत असतील, तर ‘स्लो कीज’ ही सुलभता-सोय चालू झाली नाही ना, हे पाहावे. तशी मुभा दिलेली असल्यास शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्याने ती नकळत चालू होते.

पडदा : मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी नावाच्या 128 बाइटच्या मूळ तक्त्यातून देतो. त्यात निर्माता, आकार आणि चालणारी रेझोल्यूशन यांची माहिती असते. कर्नलने हा तक्ता वाचून पडद्याची अवस्था स्वतः ठरवावी, ही व्यवस्था इंटेलच्या चित्रप्रक्रियकांसाठी (ग्राफिक्स चिपसाठी) 2009 च्या 2.6.29 आवृत्तीत आली. तक्ता हाती लागला नाही, तर मोठ्या पडद्यावरही 1024 बाय 768 एवढेच मिळते. अशा वेळी जुनी व्हीजीए केबल, स्वस्त ॲडॉप्टर किंवा दोन संगणकांत एक मॉनिटर वाटून देणारा स्विच यांपैकी काहीतरी मध्ये असण्याचा संभव मोठा असतो. ते काढून थेट जोडणी करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

एक्समध्ये ‘एक्सरँडर’ या आज्ञेने नवे रेझोल्यूशन हाताने भरता येते आणि त्याचे आकडे ‘सीव्हीटी’ हे साधन काढून देते. 1920 बाय 1080 आणि 60 हर्ट्झसाठी ते 173 मेगाहर्ट्झचा पिक्सेल-वेग सांगते. दूरचित्रवाणी संचांच्या प्रमाणात मात्र न दिसणाऱ्या कडांसह 2200 गुणिले 1125 गुणिले 60, म्हणजे 148.5 मेगाहर्ट्झच लागतात. एचडीएमआयवरील काही पडदे पहिला वेग नाकारतात व दुसरा निमूट स्वीकारतात. वेलंडमध्ये ही आज्ञा निरुपयोगी ठरते. तिथे कर्नल सुरू होतानाच ‘व्हिडिओ’ हा पर्याय देऊन रेझोल्यूशन सांगावे लागते. 4के पडदा 30 हर्ट्झवर अडून बसला असेल, तर जोडणी एचडीएमआय 1.4 ची आहे काय ते पाहावे. 60 हर्ट्झसाठी 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट लागते.

पडदा काळा राहत असल्यास संगणक सुरू होताना कोणती प्रणाली चालवायची हे विचारणाऱ्या ग्रब यादीत ‘नोमोडसेट’ (पडद्याची अवस्था कर्नलने ठरवू नये, असे सांगणारा) हा शब्द जोडतात. तो तात्पुरता असतो हे पुढे विसरले जाते, आणि चित्रप्रक्रियकाचा वेग न मिळता डेस्कटॉप महिनोन्महिने रखडत चालतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवूनही लागू होत नसेल, तर सिक्युअर बूट (अधिकृत डिजिटल स्वाक्षरी असलेलेच प्रोग्रॅम सुरुवातीला चालू देणारी सुरक्षा) तपासावे. स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल चढवत नाही. स्वाक्षरीची किल्ली नोंदवण्यासाठी पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा येतो, आणि कळ दाबली नाही तर तो काही सेकंदांत निघून जातो.

अक्षरांचा धूसरपणा प्रायः 125 किंवा 150 टक्के अशा अपूर्णांकी प्रमाणाशी निगडित असतो. एक्सवेलंडखालचे प्रोग्रॅम आपले चित्र लहान काढतात व कंपोझिटर ते ताणतो. एकच प्रोग्रॅम धूसर दिसत असेल, तर त्याला वेलंडवर चालवावे. सारेच धूसर असेल, तर रेझोल्यूशन त्या पडद्याचे स्वतःचे मूळ रेझोल्यूशनच आहे का ते पाहावे. देवनागरीऐवजी चौकोन दिसणे हा फाँटचा अभाव होय. लोहित किंवा नोटो देवनागरी बसवल्यावर तो दूर होतो.

दोष प्रणालीत आहे की वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये, हे ठरवायला नवे खाते उघडून तिथे तेच करून पाहणे पुरते. दोष तिथेही राहिला, तर लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या प्रणालीवरून) संगणक सुरू करावा. तिथे सर्व नीट चालल्यास यंत्रसामग्रीवरचा संशय बहुतांशी फिटतो. नोममध्ये पडद्यांच्या मांडणीची नोंद वापरकर्त्याच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमधील ‘मॉनिटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत असते. डेस्कटॉपवर काहीच दिसत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 दाबून कन्सोलवर जावे, ती फाइल न पुसता तिचे नाव बदलावे आणि पुन्हा लॉगइन करावे.