ग्रामसभेतला प्रश्न आणि ‘तहकूब’ या शब्दाचा घोळ

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सदस्य बोलतात. गावकऱ्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे तो ग्रामसभेत. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही ग्रामसभा होतीच, पण पहिली तीन-साडेतीन दशके बहुतेक गावांत ती जमाखर्च वाचून दाखवण्यापुरतीच उरली होती. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर तिला वजन आले. वर्षातल्या सभांची किमान संख्या महाराष्ट्रात काही काळ सहा होती, पुढे ती चारवर आली. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाला अपात्र ठरवण्याची तरतूदही आहे. त्यामुळे सभा कागदावर तरी होतेच. वाद आहे तो ती कशी होते यावर.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे हवीत. मतदार ६६७ च्या पुढे गेले की गाव कितीही मोठे असो, १०० पुरतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावाचा ठराव वीस जणांतही मंजूर होऊ शकतो.

ही सवलत विनाकारण आलेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीनंतर निम्मी घरे कुलूपबंद असतात, आणि २६ जानेवारीची सभा नेमकी त्याच दिवसांत येते. सवलत नसती तर तिथे वर्षाचा आराखडाच अडकला असता. पण घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड अशा रिकाम्या सभेत उरकणे म्हणजे जे कारखान्यावर गेले त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. लाभार्थी निवडीपुरती तरी ही सवलत काढायला हवी होती.

त्यात भर शब्दाची. माणसे कमी म्हणून तहकूब आणि गोंधळ झाला म्हणून तहकूब, दोन्हींसाठी इतिवृत्तात एकच शब्द पडतो. सवलत पहिल्या प्रकारासाठी आहे. म्हणून कारण, वेळ आणि उपस्थितांचा आकडा तिथेच लिहून घ्यावा. हजेरी वहीत शेवटच्या सहीखाली रेघ ओढून घेतली, की नंतर घरोघरी वही फिरवून सह्या वाढवता येत नाहीत.

प्रश्नकर्त्याचे खरे नुकसान वेगळेच. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय चालतात. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात आणलेला रस्त्याचा किंवा पाणीपट्टीचा प्रश्न तिथे गळून पडतो. त्यामुळे प्रश्न नोटीस निघण्याआधी लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि शक्यतो लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांना जोडावा. ते शेरे आणि त्यांवरची उत्तरे ग्रामसभेपुढे ठेवणे कायद्यानेच बंधनकारक असल्याने तो विषय ऐनवेळचा म्हणून टाळता येत नाही. पुढच्या सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. आपला प्रश्न त्यात उतरला नसेल तर हरकत तेव्हाच घ्यावी. इतिवृत्त एकदा कायम झाले की दुरुस्ती जड जाते.

शहरांत एवढेही नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत प्रश्न नगरसेवकाचा. नागरिक प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकणार. २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीसाठी लोकसहभागाचा कायदा करण्याची अट होती. त्यातून २००९ मध्ये राज्यात क्षेत्रसभेची तरतूद आली: काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, अध्यक्ष तिथला नगरसेवक. पण बहुतेक शहरांत क्षेत्रांच्या हद्दीच ठरल्या नाहीत, आणि हद्द नाही तर सभा कुणाची बोलवायची? २०२२ च्या सुमारास अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा गॅलरीतून ऐकण्यासारखी सभाही उरली नाही. त्या काळात नागरिकांच्या हाती राहिली ती २०१८ मध्ये राज्यभर लागू झालेली सोय: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात जाऊन फायली पाहण्याची.