फ्लूची लस: चाचणीतला आकडा आणि मोसमातला आकडा

फ्लूच्या लशीचं संरक्षण एके ठिकाणी ६० टक्के वाचायला मिळतं, दुसरीकडे १९. कोणीतरी थापा मारतंय असं वाटतं. पण आकडा कुठल्या मोसमातला आणि कसा मोजलेला, ते आधी विचारावं.

लस बाजारात येण्याआधीची चाचणी सरळ असते. स्वयंसेवकांपैकी कोणाला लस आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी टोचायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. कोणाला काय मिळालं ते त्यांनाही ठाऊक नसतं. मग फ्लू किती जणांना झाला ते मोजायचं. हिशेब चोख, पण त्या निवडक माणसांचा आणि त्याच मोसमाचा.

विषाणू मात्र रूप बदलत राहतो, म्हणून दरवर्षी नव्याने मोजावं लागतं. तेव्हा चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. ज्या आजोबांना लस घ्या असं आपणच सांगतो, त्यांना मिठाचं पाणी कोण टोचणार? नुसतं लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलनाही फसवी, कारण लस घेणारी माणसं एरवीही दवाखान्याची पायरी लवकर चढतात.

यावरची युक्ती मला फार आवडते. ताप-खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्या सगळ्यांच्याच नाकातला नमुना तपासायचा. समजा, फ्लू निघालेल्या १०० जणांत लस घेतलेले ३० आणि न घेतलेले ७०. फ्लू न निघालेल्या १०० जणांत दोन्हीकडे ५०-५०. पहिलं गुणोत्तर (३० भागिले ७०) ०.४३, दुसरं (५० भागिले ५०) १. ०.४३ ला १ ने भागून आलेला आकडा १ मधून वजा केला की ०.५७, म्हणजे संरक्षण ५७ टक्के. दवाखान्यात दोन्ही गट आलेच आहेत, त्यामुळे पायरी चढण्यातला फरक बराचसा निघून जातो.

अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था २००४-०५ पासून जवळपास दर मोसमाचा असा आकडा काढते. त्या पहिल्या मोसमात तो १० टक्के होता, २०१०-११ मध्ये ६०. २०१४-१५ चा १९ टक्के, कारण लशीतले विषाणू फेब्रुवारीत ठरले आणि हिवाळ्यात पसरलेला एच३एन२ हा फ्लूच्या विषाणूचा प्रकार तोवर बराच बदललेला होता. लस तीच चोख बनलेली. चाचणीत असलं काही आधी दिसणं शक्यच नव्हतं.

आणि संरक्षण ४० टक्के म्हणजे लस घेतलेल्या शंभरातल्या ६० जणांना फ्लू होणार, असं नव्हे. न घेतलेल्या शंभरात १० जणांना झाला, तर घेतलेल्या शंभरात ६ जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. तेव्हा अमेरिकेतल्या हिवाळ्याचा आकडा इथल्या जुलै-ऑगस्टला जसाच्या तसा लावू नये.