पगार नाही म्हणजे ते काम नाही? विद्यार्थी व्हिसाबद्दलचा एक गैरसमज

इंग्लंडला शिकायला निघालेल्या मुलांना हमखास मिळणारा सल्ला: "नोकरीला २० तासांची मर्यादा आहे, पण फुकट सेवा कितीही कर, ती मोजत नाहीत." हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं व्हिसा धोक्यात आणू शकतं.

ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. या तासांत बिनपगारी कामही येतं. पैसे मिळतात का, एवढंच बघून चालत नाही. कामाचं बंधन आहे का, हेही बघतात.

समजा, धर्मादाय संस्थेच्या दुकानात तुम्ही सवड मिळेल तेव्हा जाऊन दानात आलेले कपडे निवडता, यायला जमलं नाही तर नुसतं कळवता. ही सेवा, ती २० तासांत धरत नाहीत. पण त्याच दुकानात करार झाला, दर शनिवारी १० ते ४ यायलाच हवं, गल्ला तुम्हीच सांभाळायचा असं ठरलं, की ते काम झालं. पगारी माणसाच्या जागी तुम्हाला उभं केलं किंवा मोबदल्यात राहायला खोली दिली, तरी ती सेवा राहत नाही. बसभाड्याचा खर्च मात्र घेता येतो.

ऑस्ट्रेलियात मर्यादा पंधरवड्याला ४८ तासांची आहे, पण फुकट कामाबद्दलची अट अशाच वळणाची.

म्हणून जरूर सेवा करा. आधी संस्थेकडून कामाचं स्वरूप लेखी घ्या आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला दाखवा.