व्हीईजीएफ: आधी गळती सापडली, मग वाढ

नाशिकमधल्या एखाद्या डे-केअर केमो वॉर्डात बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरवरचं औषध चढवायचं असलं, की सिस्टर आधी बीपी बघते आणि लघवीत पट्टी बुडवते. ‘केमोला रक्त तपासतात हे माहीत आहे, पण लघवी कशाला?’ हा निफाड-सिन्नरकडून पेशंटला घेऊन आलेल्या माणसाचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधत मागे गेलं, तर आपण चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका निळ्या डागापाशी पोचतो.

त्याआधीचा भाग थोडक्यात. केशवाहिनीतला ऑक्सिजन ऊतींत फार तर 100 ते 200 मायक्रॉनपर्यंत झिरपतो. त्यामुळे स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली कॅन्सरची गाठ 1-2 मिलिमीटरवर अडते. अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं, की गाठ काहीतरी रसायन सोडून आजूबाजूच्या वाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. ते रसायन अडवलं तर गाठ लहानच राहील. ते रसायन कोणतं, हे मात्र तेव्हा कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

हॅरोल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर या संशोधकांचा प्रश्न वेगळाच होता. कॅन्सरमध्ये पोटात पाणी का भरतं, म्हणजे जलोदर का होतो, हे त्यांना शोधायचं होतं. पद्धत जुनी आणि साधी: गिनीपिगच्या शिरेत निळा रंग सोडायचा, मग कातडीत ठिकठिकाणी संशयित द्रव थोडा-थोडा टोचायचा आणि वाट बघायची. रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेला रंग एरवी वाहिनीबाहेर पडत नाही. जिथे वाहिनी गळते तिथे कातडीवर निळा डाग उमटतो. गाठीच्या पेशींनी सोडलेल्या द्रवाने असे डाग उमटले. 1983 मध्ये त्यांनी या घटकाला ‘व्हॅस्क्युलर पर्मिॲबिलिटी फॅक्टर’, थोडक्यात व्हीपीएफ, असं नाव दिलं. गळती करण्यात तो ॲलर्जीत वाहिन्या गळवणाऱ्या हिस्टामिनच्या सुमारे 50,000 पट जोरकस निघाला.

1989 मध्ये जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा गाईच्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या पेशींवर काम करत होते. त्या पेशी वाढवलेल्या द्रवातून त्यांनी एक प्रथिन वेगळं केलं. त्याने वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी वाढत होत्या, म्हणून नाव पडलं व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे व्हीईजीएफ. त्याच वर्षी ‘सायन्स’च्या एकाच अंकात फेरारांच्या गटाने व्हीईजीएफचा आणि दुसऱ्या एका गटाने व्हीपीएफचा जनुकीय क्रम छापला. दोन्ही एकच प्रथिन होतं!

पुढे ‘वाढ’वालं नाव टिकलं, ‘गळती’वालं मागे पडलं. आमच्या मते यात नुकसानच झालं. नाव वाढीचं, म्हणून इलाजही वाढ तोडण्याचा: रसद बंद करा, गाठ उपाशी मरेल. पुढची दहा-बारा वर्षं बहुतेकांचा विचार याच वाटेने गेला.

हे प्रथिन शरीराला किती लागतं, ते 1996 मध्ये उंदरांत दिसलं. दोनपैकी एकच जनुक बिघडवलं तरी भ्रूण गर्भातच मरत होते. ते केव्हा तयार होतं, हेही पुढे उलगडलं. पेशीत ऑक्सिजन पुरेसा असेल तर एचआयएफ हे प्रथिन काही मिनिटांतच नष्ट होतं. ऑक्सिजन कमी पडला की ते साचतं आणि व्हीईजीएफचं उत्पादन सुरू करतं. एचआयएफवरच्या कामाला 2019 चं नोबेल मिळालं.

व्हीईजीएफला पकडणाऱ्या अँटिबॉडीने उंदरांतल्या गाठी रोखल्या, हे 1993 मध्ये छापून आलं. तीच अँटिबॉडी सुमारे 93 टक्के मानवी करून बेव्हासिझुमॅब झालं. फेब्रुवारी 2004 मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. केमोसोबत दिल्यावर मध्यम आयुर्मान 15.6 महिन्यांवरून 20.3 महिन्यांवर गेलं. मात्र एकट्याने देऊन बहुतेक गाठींवर फारसा उपयोग होत नव्हता. स्तनाच्या कॅन्सरसाठी 2008 मध्ये दिलेली मान्यता 2011 मध्ये अमेरिकेने काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

इथे एक कोडं होतं. रसद तोडणारं औषध केमोसोबत दिलं, तर केमो गाठीपर्यंत कमी पोचायला हवी. मग परिणाम वाढतो कसा? आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेलेले राकेश जैन यांनी 2001 मध्ये उत्तर सुचवलं आणि तिथे गळती पुन्हा पुढे आली. दिंडोरीच्या द्राक्षबागेत ठिबकची लॅटरल चार ठिकाणी फुटली तर काय होतं? फुटल्या जागी चिखल, दाब उतरलेला आणि ओळीच्या टोकाची वेल कोरडी. मोटर जास्त वेळ चालवून भागत नाही. गाठीतल्या वाहिन्या अशाच असतात: वाकड्यातिकड्या, गळक्या, बाहेर द्रव साचलेला, आत ऑक्सिजन नाही आणि औषधही नाही. व्हीईजीएफ बेताने अडवलं की फालतू फुटवे गळतात, उरलेल्या वाहिन्या काही काळ धड वाहतात आणि केमो आत शिरते. फेलफुटी काढणाऱ्या बागायतदाराला हे वेगळं समजवायला नको. अडवणूक जास्त झाली तर वाहिन्याच उरत नाहीत आणि ऑक्सिजन आणखी घटतो.

डोळ्यात तर गळतीचाच प्रश्न जास्त असतो. मधुमेहात पडद्याला येणारी सूज हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिथे बेव्हासिझुमॅबचा डोस 1.25 मिग्रॅ, 0.05 मिलीमध्ये. 100 मिग्रॅच्या व्हायलमधून हिशोबाने 80 डोस निघतात आणि धोका नेमका वाटणीत आहे: भरताना निर्जंतुकपणा सुटला, तर एकाच व्हायलमुळे अनेकांचे डोळे जातात.

आता वॉर्डातली कामं. आतड्याच्या कॅन्सरला दर दोन आठवड्यांनी किलोमागे 5 मिग्रॅ हा एक रूढ डोस आहे. 60 किलोच्या पेशंटला 300 मिग्रॅ लागतं. औषध 25 मिग्रॅ प्रति मिली असतं, म्हणजे 12 मिली. ते नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून एकूण 100 मिली करायचं. डेक्स्ट्रोज चालत नाही, त्यात प्रथिन बिघडतं. पहिली बाटली 90 मिनिटांत, ती सोसली तर दुसरी 60 आणि पुढच्या 30 मिनिटांत. व्हायल हलवायची नाही. 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण गोठवायची नाही. मेडिकलमधून थर्मोकोलच्या डब्यात नेताना व्हायल गोठलेल्या आइस पॅकला थेट चिकटली की तेच होतं; मध्ये कागदाची जाड घडी हवी. व्हायलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणून 400 ची फोडून 300 वापरली तर उरलेली पुढच्या खेपेला ठेवता येत नाही. 100 च्या तीन घेतलेल्या बऱ्या.

आणि ती लघवीची पट्टी. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी रोज व्हीईजीएफ बनवतात. त्यावर तिथल्या केशवाहिन्या टिकतात. औषधाने ते अडलं की गाळणी सैल पडून लघवीत प्रोटीन जातं. पट्टीवर 2+ किंवा जास्त दिसलं तर 24 तासांची लघवी मोजतात. 2 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर डोस थांबतो. वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही कमी होतो, म्हणून बीपी चढतं. जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात, म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी किमान 28 दिवस औषध बंद. नंतरही 28 दिवस आणि जखम पुरती भरेपर्यंत नाही.

तिसरा धागा सर्वांत उशिरा उचलला गेला. गाठीतलं व्हीईजीएफ डेन्ड्रिटिक पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख पटवणाऱ्या पेशींना, पक्वच होऊ देत नाही, हे दिमित्री गॅब्रिलोविच यांच्या गटाने 1996 मध्येच दाखवलं होतं. पुढे कळलं, की गाठीतल्या वाहिन्यांच्या अस्तरावर टी-पेशींना, म्हणजे गाठीवर हल्ला करणाऱ्या पेशींना, धरायला लागणारे ‘हुक’ही त्यामुळे कमी होतात आणि आत पोचलेल्या टी-पेशींवर पीडी-1 हा ब्रेक वाढतो. तेव्हा त्यावर औषधयोजना बेतायला पीडी-1 मार्गावरची औषधंच नव्हती. ती आल्यावर 501 पेशंटांच्या यकृत कॅन्सरच्या चाचणीत त्यांपैकी अटेझोलिझुमॅब 1200 मिग्रॅ आणि बेव्हासिझुमॅब किलोमागे 15 मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी, एकत्र दिलं गेलं. बारा महिन्यांनी 67.2 टक्के पेशंट हयात होते, सोराफेनिब हे आधीचं औषध दिलेल्या गटात 54.6 टक्के. मे 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

या जोडीआधी एंडोस्कोपी करून घेतात. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होण्याचा आजार, असलेल्या अनेकांच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतात आणि व्हीईजीएफ अडवलेलं असताना त्या फुटल्या तर रक्तस्राव आवरणं अवघड. शिरा मोठ्या दिसल्या तर आधी त्यांना बँड लावतात, मग पहिली बाटली.