लेखनाचं मानधन थकलंय? खान्देशातल्या फ्रीलान्सरनं 'समाधान'वर अर्ज कसा करायचा

सराफी पेढीची जाहिरात, शाळेची स्मरणिका, पुण्याच्या प्रकाशकाचं भाषांतर, नाहीतर यूट्यूब चॅनलसाठी अहिराणी स्क्रिप्ट. काम कोणतंही असो, पैसे मागितले की उत्तर ठरलेलं: "देतो ना भो, कुठं पळून चाललो का?" अशा वेळी वकील आणि दिवाणी कोर्टाचा विचार करण्याआधी एक सरकारी वाट पाहून ठेवा: 'एमएसएमई समाधान', म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांची तक्रार घेणारं केंद्र सरकारचं संकेतस्थळ. त्यामागचा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायदा, २००६ हा फक्त एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी आहे, असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण त्यात सेवा देणारेही येतात, आणि घरी बसून लिहिणारा एकटा माणूसही त्यात बसतो.

पात्रता

अट एकच, पण ती आधीच पूर्ण केलेली हवी: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची केंद्र सरकारकडची नोंदणी. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला व्यवसाय 'सूक्ष्म' धरला जातो, म्हणजे आपल्यापैकी सगळेच. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढ्यावर सरकारी संकेतस्थळावर नोंदणी होते. ती पूर्ण मोफत आहे, त्यामुळे कुणी 'उद्यम काढून देतो' म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. व्यवसायाचा प्रकार निवडताना 'सेवा' घ्या. व्यवसायांच्या सरकारी यादीत स्वतंत्र लेखन ९० क्रमांकाच्या कला विभागात येतं, भाषांतर ७४ मध्ये. जीएसटी नोंदणी नसली तरी अडत नाही. सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती मुळात लागतच नाही.

पैसे बुडाल्यावर नोंदणी करून जुनी बिलं त्यात घालायची, असं सहसा चालत नाही. त्यावर न्यायालयात बरेच वाद झाले आहेत. म्हणून पुढचं काम हातात घेण्याआधीच नोंदणी उरका आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

मुदत आणि व्याज

लेखकाच्या सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, आणि बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. मजकूर पाठवल्यापासून १५ दिवसांत ग्राहकानं लेखी हरकत घेतली नाही, तर त्यानं काम स्वीकारलं असं कायदा धरतो. चार महिन्यांनी "आमच्या साहेबांना भाषा जमली नाही" म्हणण्याला मग फारसा अर्थ उरत नाही. पैशांची मुदत लेखी ठरली असेल तर ती पाळायची, पण तीही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. बँक रेट ६ टक्के धरला तर ते १८ टक्के होतं. ४०,००० रुपयांचं बिल वर्षभर अडलं की साधारण ४७,८२५ रुपये.

म्हणून मजकूर ईमेलनं पाठवा आणि कुठल्या तारखेला काय दिलं ते त्यात लिहा. फोनवरच्या होकाराला काडीची किंमत नाही.

अर्ज

जून २०२५ मध्ये 'समाधान'च्या जोडीला 'एमएसएमई ओडीआर' हे नवं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं, त्यामुळे नवा अर्ज कुठे घेतला जातो ते आधी पाहा. तिथे उद्यम क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा, मग ग्राहकाचं नाव, पत्ता, ईमेल आणि थकीत रकमेचा तपशील द्यायचा. सोबत कामाची ऑर्डर आणि बिल जोडायचं. छापील वर्क ऑर्डर आपल्याकडे क्वचितच असते; दर आणि काम मान्य केल्याचा ईमेल असेल तर त्याची प्रत लावा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुरावा म्हणून चालतात, मात्र पुढे त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ चॅट डिलीट करू नका. व्याजाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडून ठेवा.

ग्राहकानं टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापलेला आयकर) कापला असेल तर आपलं २६एएस विवरणपत्र, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद, काढून पाहा. पैसे दिले नाहीत, पण कर मात्र तुमच्या नावावर भरलाय, असं कधी कधी दिसतं. "तुम्ही आमचं काम केलंच नाही" या बचावाला याहून चांगलं उत्तर नाही.

ग्राहक मुंबईचा किंवा दिल्लीचा असला तरी प्रकरण पुरवठादाराच्या, म्हणजे तुमच्या, भागातल्या सुविधा परिषदेकडेच (अशी प्रकरणं निकाली काढणारी सरकारी समिती) चालतं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, त्यामुळे आपल्याला नाशिक. नोंदणीत किंवा अर्जात अडलं तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

परिषद आधी समेट घडवू पाहते, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात जास्त वेळ जातो हे गृहीत धरा. मात्र अर्जाची सूचना हाती पडताच बरेच ग्राहक फोन करतात, कारण निवाडा विरोधात गेला आणि त्याला कोर्टात आव्हान द्यायचं ठरलं, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही. हे त्यांच्या सीएला सांगितलं की काम लवकर हलतं, मालकाला सांगून फारसा फरक पडत नाही.

दोन-तीन हजारांसाठी हा खटाटोप परवडत नाही, तिथे स्पीड पोस्टानं एक साधी नोटीस बास. आणि कुठलाही मार्ग धरा, पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत धरा. ग्राहकानं मध्ये "बाकी आहे, देतो" असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजली जातात.