गुडघ्यातली गादी आणि वावराचा धुरा

गेल्या महिन्यात आमच्या आठवडी बाजारात एक तेलवाला बसला होता. मागे दोन एक्स-रे टांगलेले, 'आधी' आणि 'नंतर'. नंतरच्या चित्रात गुडघ्यातली फट मोठी, म्हणजे गादी वाढली म्हणे! एक्स-रेत गादी, म्हणजे कूर्चा, दिसतच नाही; दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. एक फोटो उभ्याने, दुसरा झोपवून काढला, तर तेलाचा थेंब न लावताही फट वाढलेली दिसू शकते.

कूर्चा दिसते एमआरआयमध्ये. जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. कबड्डीत गुडघा पिरगळून लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं, तर त्यानंतर वर्षभरात तिच्यात होणारा बदल सरासरीने मिलिमीटरच्या काही शतांशांचा. आणि चित्रातला एक ठिपकाच ०.३ मिलिमीटरच्या आसपास!

मग ठिपक्याहून बारीक बदल पकडतात कसा? पावसाने वावरातली किती माती नेली, हे एका जागी काठी रोवून कळत नाही. तिथं नेमकं ढेकूळ असायचं. हजार जागी मोजा, ढेकळांच्या चुका एकमेकींना खातात. १०० स्वतंत्र मोजमापांच्या सरासरीत चूक १० पट घटते, १०,००० च्या सरासरीत १०० पट. तसंच इथं: एमआरआयच्या एकेका कापावर, म्हणजे गुडघ्याच्या एकेका पातळ थराच्या चित्रावर, कूर्चेची कड आखायची आणि हजारो बिंदूंवर हाडाशी काटकोनात जाडी मोजायची. मात्र वावराचा धुरा, म्हणजे बांध, जसा दोन्ही वर्षी तोच हवा, तशी कड आखायची रीतही तीच हवी. दुसऱ्या वर्षी आखणाऱ्याचा हात सगळीकडेच केसभर आत गेला, तर ती चूक कितीही बिंदू घेतले तरी जात नाही. म्हणून दोन्ही चित्रं एकाच माणसाकडून, आधीचं कोणतं ते न सांगता आखून घेतात.

शिवाय कूर्चेत ७०-८० टक्के पाणी. दिवसभर कापूस वेचून थेट मशीनमध्ये गेलात, तर ती दबलेलीच मोजली जाईल. आधी थोडा वेळ बसवून ठेवतात ते यासाठी.

आता तेलवाल्याच्या कामाची गोष्ट: दुखापतीनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत काही जागी कूर्चा खरंच जाड होते. आतली कोलॅजन नावाच्या धाग्यांची जाळी सैल पडते, ती पाणी ओढते आणि फुगते. ही सूज आहे, नवी गादी नव्हे. त्याच गुडघ्यात दुसऱ्या जागी ती पातळ होत असते. अख्ख्या गुडघ्याची सरासरी काढली, तर उत्तर जवळपास शून्य येऊ शकतं. त्यामुळे गुडघ्याचे वाटे पाडून प्रत्येक वाटा वेगळा मोजतात.